हरणाचा हिशोब

मागच्या रविवारी एक फोटो टाकला होता. बर्फात रोवलेल्या दोन खांबांवर आडवी बल्ली, तिला टांगलेली दोन हरणं, आणि खाली भडक नारिंगी टोप्या घातलेले सात जण. सातवा मी. त्यावर काय काय आलं ते तुम्ही वाचलंच आहे.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनी मला पापी ठरवलं. एकाने तर "अमेरिकेत जाऊन संस्कार विसरलास" असं लिहिलं. हा गृहस्थ दर रविवारी दुपारी मटणाच्या ताटाचा फोटो टाकतो. ते बोकड बहुधा म्हातारपणाने वारलेलं असावं. आणि गावाकडच्या पोरांनी लिहिलं, "बरोबर केलं भाऊ, आमालेबी बंदुका द्या, एका हंगामात सारे रोही साफ करतो."

आज मला दोघांशीही भांडायचं आहे. थोडं स्वतःशीही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी तिथे काय झालं ते सांगतो, कारण फोटोत फक्त मेलेली हरणं दिसतात.

मी चौदा वर्षांपासून मिशिगनमध्ये आहे. या राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० तारखेला संपतो. वार कोणताही असो, तारीख तीच. उत्तरेकडच्या कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असते, आपल्याकडे पोळ्याला असते तशी. राज्याचा उत्तरेचा तुकडा पाण्यापलीकडे आहे. मॅकिनॉचा पूल १९५७ साली झाला. त्याआधी नोव्हेंबर आला की शिकाऱ्यांच्या मोटारी फेरीबोटीसाठी मैलोन्मैल रांगा लावून उभ्या राहायच्या. माझ्या एका सहकाऱ्याच्या आजोबांचा त्या भागात जंगलात कॅम्प आहे. दहा वर्षं तो मला बोलावत होता. यंदा गेलो. बंदूक घेतली नाही, परवाना काढला नाही. "मी स्वयंपाक करेन" म्हटलं, आणि सात दिवस तेच केलं.

कॅम्प म्हणजे तंबू नाही. लाकडी ओंडक्यांची दोन खोल्यांची झोपडी, भिंतीला लागून एकावर एक असे आठ बाक. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. उजेडाला गॅसचे दिवे, उबेला लोखंडी शेगडी, पाण्याला हातपंप. संडास झोपडीपासून चाळीस पावलांवर, आणि पहाटे उणे बारामध्ये ती चाळीस पावलं म्हणजे पंढरीची वारी. दाराशी खिळ्याला एक पाटी लटकलेली: आज लाकूड कोण फोडणार, पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार. ऐंशीच्या घरातल्या आजोबांचं नावही त्या पाटीवर होतं. भांडी घासायच्या दिवशी त्यांना कुणी "राहू द्या" म्हटलं नाही, आणि म्हटलेलं त्यांना चाललंही नसतं.

पहाटे पाचला कॉफी. उजाडायच्या आत एकेक जण आपापल्या जागी जाऊन बसतो, पाठीला झाड लावून किंवा फळ्यांच्या लहानशा आडोशात. मग तास न् तास काही नाही. बर्फ, खारी, कावळे. मी आजोबांशेजारी दोन सकाळी बसलो. दुसऱ्या सकाळी शिंगांचा एक तरणा नर तीस पावलांवर आला. त्यांनी बंदूक उचललीच नाही. तो गेल्यावर हळूच म्हणाले, "अजून लहान आहे." एवढंच. नंतर थर्मासमधली कॉफी दिली.

संध्याकाळी पाचलाच अंधार. मग सगळे शेगडीभोवती. ओले मोजे वाळत घातलेले, त्यांचा वास, आणि पत्ते. युकर नावाचा खेळ, चोवीस पानांचा, जोडीने खेळायचा, हुकूम बोलायचा. ज्याला आपला मेंढीकोट येतो त्याला अर्ध्या तासात जमतो. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा शेपटा कात्रीने कापून, त्यावर नाव आणि तारीख लिहून भिंतीला ठोकतात. पूर्ण भिंत त्या चिंध्यांनी भरली आहे. त्यात आजोबांच्या तीन आहेत, आणि त्या ते स्वतःहून दाखवतात.

तिसऱ्या रात्री मी घरून नेलेला सावजी मसाला काढला आणि हरणाच्या मांसाचा रस्सा केला. सहाच्या सहा जण घाम पुसत जेवले. एक जण बर्फात जाऊन जीभ बाहेर काढून उभा राहिला, आणि परत येऊन पुन्हा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर माझ्या नावापुढे कुणीतरी "अग्निशमन दल" असं लिहून ठेवलं होतं.

दोस्ती म्हणतात ती ही. पण एवढंच असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. चार पुरुष, शेगडी, पत्ते आणि मटण हे आपल्या वावरातल्या पार्टीतही असतं. वेगळं काय होतं ते चौथ्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी एकोणीस वर्षांच्या नातवाने शेवटच्या उजेडात गोळी झाडली. हरीण लागलं, पण पडलं नाही, पळालं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याने शिकार बंद होते. पोरगा रडकुंडीला आलेला. आजोबांनी बंदुका कॅम्पवर ठेवायला लावल्या आणि सगळ्यांच्या हातात कंदील, टॉर्च दिले. बर्फावर पडलेले रक्ताचे थेंब शोधत आम्ही सात जण रांगेने चाललो. जिथे थेंब सापडला तिथे एक जण उभा राहायचा, बाकीचे पुढचा शोधायचे. रात्री अकराच्या सुमारास एका पडलेल्या झाडामागे ते मेलेलं सापडलं. जेवण नाही, पाय बधिर, पण कुणी एकदाही "जाऊ दे, सकाळी बघू" म्हटलं नाही. आजोबा पोराला म्हणाले, "गोळी तुझी, तर रात्रही तुझी." पण रात्र एकट्या पोराची राहिली नव्हती. ती सातही जणांनी वाटून घेतली होती.

त्याने परवान्यासोबतचा टॅग भरून तिथेच हरणाला बांधला, मग ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी टेकडीवर चढून, रेंजची एक काडी पकडून, सरकारी नोंद केली. मिशिगनमध्ये हरीण मारल्यापासून ७२ तासांत ही नोंद करावीच लागते. कुठे मारलं, नर की मादी, शिंगांना फाटे किती. दोन दिवसांनी वनाधिकारी आला, त्याने परवाने आणि टॅग तपासले, कॉफी प्यायला आणि गेला. कुणाच्या पोटात गोळा आला नाही. लपवायला काही नव्हतं.

कॅम्पवर एक जाडजूड वही आहे. पहिलं पान १९५० च्या दशकातलं. कोण आलं, बर्फ किती, हरणं किती दिसली, किती मारली, कुणाचा नेम चुकला, यंदा कोण वारलं. एका वर्षाच्या पानावर फक्त एवढाच मजकूर: काही मिळालं नाही, आठवडा छान गेला. सात दिवसांत त्या वहीनेच मला जास्त विचार करायला लावला.

आता या शिस्तीमागचा इतिहास. हे लोक मुळात संत नव्हते. एकोणिसाव्या शतकात इथे बाजारासाठी शिकार चालायची. रेल्वेचे डबे भरभरून हरणाचं मांस शहरांत जायचं. पांढऱ्या शेपटीची हरणं साऱ्या देशात काही लाखांवर आली. प्रवासी कबुतरं तर पूर्ण संपली. त्यांची शेवटची मोठी वसाहत याच मिशिगनमध्ये, पेटोस्कीजवळ, १८७८ साली कापून काढली, आणि १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचं कबुतर मेलं. त्यानंतर लोक शहाणे झाले. जंगली हरणाचं मांस विकणं बंद झालं. आजही ते स्वतः खाता येतं, भुकेल्यांना दान देता येतं, विकता येत नाही. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा १० ते ११ टक्के कर राज्यांना वन्यजीवांसाठी जातो. शिवाय परवान्यांचे पैसे. १९६० पासून पुढे जन्मलेल्या माणसाला इथे साधारणपणे शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय स्वतंत्र परवाना मिळत नाही. आज हरणं तीन कोटींच्या घरात आहेत.

म्हणजे नियम साधा: हरीण सगळ्यांचं आहे, म्हणून जो एक उचलतो तो पैसे देतो, नाव देतो आणि नोंद देतो.

आता थांबा. अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. याच लोकांच्या बापजाद्यांनी लांडग्यांवर बक्षिसं लावून ते इथून जवळजवळ संपवले. आता लांडगे परतलेत तर कॅम्पवर रोज रात्री त्यावरून भांडण. निम्मे म्हणतात लांडगा आमची हरणं खातो. मी विचारलं, "आमची म्हणजे कोणाची?" तर पत्ते पिसत विषय बदलला. ज्या जमिनीवर हा कॅम्प आहे ती मूळ निवासी ओजिब्वे लोकांची. १८३६ च्या करारात राखलेला मासेमारीचा आणि शिकारीचा हक्क पाळून घ्यायला मूळ निवासींना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते सगळं मला माहीत आहे. तरी त्या वहीपुढे माझी मान खाली गेली. का, ते सांगतो.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. टिपेश्वर अभयारण्य फार लांब नाही. आमच्याकडेही नोव्हेंबरात माणसं वीज नसलेल्या ठिकाणी रात्र काढतात. त्याला शिकारीचा कॅम्प म्हणत नाहीत, जागली म्हणतात. तूर फुलावर येते, हरभरा नुकता वर येतो, आणि रोही, रानडुक्कर, चितळ वावरात उतरतात. रोह्याचा कळप एका रात्रीत एकरभर तुरीचे शेंडे छाटतो. डुक्कर खातं थोडं आणि उकरतं जास्त. म्हणून माणूस संध्याकाळी भाकर खाऊन, घोंगडी आणि टॉर्च घेऊन वावरात जातो. चार बांबूंवर मचाण, खाली शेकोटी. धुऱ्यावरच्या चार शेजाऱ्यांनी एकमेकांना हाका मारायच्या, डबे वाजवायचे. कुणी बिडी देतो, कुणी गुळाचा चहा. पोटधरून हसायच्या गोष्टीही तिथेच. माझ्या बापाच्या तोंडून मी जितक्या गोष्टी ऐकल्या, त्यातल्या निम्म्या मचाणावर ऐकल्या.

मिशिगनच्या शेगडीपाशी बसलो तेव्हा वास तोच आला. ओल्या लोकरीचा आणि धुराचा. पण तिथला माणूस सात दिवस हौसेने जातो. माझा बाप चार महिने नाइलाजाने जातो. तिथला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या गाडीत मांस असतं. माझा बाप सकाळी परत येतो आणि कापूस वेचायला लागतो.

आणि आता जे सांगतो ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मी अकरावीत असताना आमच्या वावरात करंट लावला होता. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री यायची. वावरात दिवा नव्हता, पण करंट होता. बारीक तार, गुडघ्याच्या खालच्या उंचीला, खुंट्यांवर ओढलेली. काका तार बांधत होते, मी टॉर्च धरला होता. तिसऱ्या सकाळी तारेला डुक्कर नव्हतं. चितळाची मादी होती, पोटुशी. काका आणि मी ती त्याच रात्री नाल्याच्या काठाला पुरली. मांस खाल्लं नाही, कातडं काढलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. मेलेल्या चितळाचं कातडंसुद्धा कायद्याने सरकारची मालमत्ता असते, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. जिवंत चितळाने खाल्लेला हरभरा मात्र आमचा खाजगी मामला होता.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका वावरातल्या तारेला माणूस चिकटला. जागलीवरचाच माणूस, रात्री लघवीला उठलेला. मला लहानपणी मचाणावर चढवायचा तो. तार कुणाची हे सगळ्या गावाला माहीत होतं. सकाळच्या आत तार निघाली, खुंट्या निघाल्या. कागदावर काय लागलं ते मला माहीत नाही. गावात काय ठरलं ते माहीत आहे. त्याच्या बायकोला काही पैसे मिळाले आणि गाव गप्प झालं. मीही गप्प झालो, नंतर इंजिनिअरिंगला गेलो, नंतर इथे आलो.

आता सांगा, तुमच्या मते कोणता फोटो पापाचा? बल्लीला टांगलेल्या, टॅग लावलेल्या, वहीत नोंदलेल्या हरणाचा, जो मी टाकू शकलो? की नाल्याकाठच्या त्या खड्ड्याचा, ज्याचा फोटो कधी कुणी काढणार नाही?

शहरातल्या मित्रांनो, तुमच्याशी आधी बोलतो. तुम्हाला हरीण आवडतं. मलाही आवडतं. पण तुमच्या प्रेमाचं बिल दुसरा भरतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. ती कशी मारली, नियम पाळले का, हे प्रश्न बरोबर होते आणि ते विचारायलाच हवे होते. पण शहरांत मेणबत्त्या लागल्या त्या अवनीच्या नावाने. त्या तेरांतल्या एकाचं तरी नाव मेणबत्ती लावणाऱ्याला येत होतं का? बहुतेक जण गुराखी आणि शेतकरी होते. जंगलाच्या कडेला रोजचं काम करताना गेले.

तुम्ही सफारीला जाता, जिप्सीतून वाघ बघता, फोटो टाकता. वाघ चितळावर, डुकरावर जगतो. चितळ आणि डुक्कर रात्री आमच्या वावरात येतात. म्हणजे तुमच्या फोटोतल्या वाघाच्या पोटात आमचा हरभरा आहे. मिशिगनचा शिकारी काडतूस विकत घेताना हरणासाठी कर भरतो. आपल्याकडे हरणासाठी सगळ्यात मोठा कर भरतो तो कोरडवाहू शेतकरी. त्याला पावती मिळत नाही, वर प्राणिमित्र त्याला क्रूर म्हणतात.

भरपाई मिळते म्हणाल. मिळते. आधी अर्ज, मग वनखातं, महसूल आणि कृषी अशा तिघांच्या माणसांनी येऊन पंचनामा, मग फाइल. तोपर्यंत वावरात दुसरं पीक उभं असतं. आमच्या घराला एकदा मिळालेली रक्कम त्या हंगामाच्या बियाण्याच्या पिशवीएवढीही नव्हती. त्यानंतर बापाने अर्ज करणं सोडलं. जे अर्जच करत नाहीत त्यांचं नुकसान कोणत्या आकड्यात येतं? कुठेच नाही.

आता गावाकडच्या पोरांनो, तुमची पाळी. "बंदुका द्या" म्हणता. नाही. मी सात दिवस शिकाऱ्यांबरोबर राहून आलोय आणि तरी सांगतो, नाही.

आपल्याकडची शिकार आपण विसरलो वाटतं. राजे, साहेब, जमीनदार, परवाना हातात आणि हाकारे घालायला आपलेच आजे-पणजे फुकट. चित्ता या देशातून गेला तो असाच. १९४७ साली कोरियाच्या जंगलात शेवटचे तीन मारले आणि १९५२ साली तो संपल्याचं सरकारने जाहीर केलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणून टिपेश्वरला आज वाघ आहे. आणि आपली जंगलं म्हणजे वावरांच्या मध्ये उरलेले तुकडे आहेत. तिथे हरणं तुम्ही "साफ" केलीत तर वाघ उपाशी मरणार नाही. तो तुमच्या गोठ्यात येईल.

माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका झालेलं जनावर अधिकृत परवानगीने मारायची वाट त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. ती वाट कागदांनी भरलेली आहे म्हणून तुम्ही तार ओढता. तार डुक्कर ओळखत नाही. तिला चितळ चिकटतं, वाघ चिकटतो, शेजाऱ्याचा बैल चिकटतो, शेजारी चिकटतो. मिशिगनचा शिकारी गोळी झाडण्याआधी समोर काय आहे, मागे काय आहे ते बघतो. तार लावणारा घरी जाऊन झोपतो. त्या दोघांना एका माळेत ओवू नका.

आणि परंपरेचं बोलायचं तर एक गोष्ट विसरू नका. हरणाच्या मागे रानात पाल टाकून राहणारी, फासे लावणारी, हरणाची पावलं वाचणारी माणसं आपल्याकडे होती. फासेपारधी. मिशिगनचा कॅम्प म्हणजे परंपरा, त्यासाठी शाळेला सुट्टी. आपल्याकडे याच कौशल्याच्या माणसांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या आधारे जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, गावाच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. जनावरांची ज्यांना सगळ्यात जास्त माहिती, त्यांना आपण वेशीबाहेर ठेवलं. आज गस्तीला, मोजणीला, माग काढायला त्यांच्या मुलांना पगारी काम देता येत नाही का?

मग मागायचं काय? बंदूक नको. हिशोब हवा.

एक. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठरलेल्या दिवसांत, मोबाइलच्या फोटोवर, आणि मदत बाजारभावाने. उशीर झाला तर व्याज. बँक आम्हाला सोडते का?

दोन. शेतीला वीज दिवसा. रात्रीच्या विजेमुळे माणूस अंधारात वावरात जातो, आणि तारेत करंटही त्याच विजेचा येतो.

तीन. सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते एकेका शेतकऱ्याला देऊन भागत नाही. एकाने लावलं की कळप शेजाऱ्याकडे जातो. अनुदान पूर्ण गावाच्या शिवाराला द्या. आणि फरक समजून घ्या. झटका मशीन क्षणभराचा धक्का देऊन जनावर परतवते. करंट मारून टाकतो.

चार. सफारीच्या पैशातला ठरावीक वाटा, ज्यांच्या पिकावर ही जनावरं पोसली जातात त्या गावांच्या ग्रामसभेकडे. बागेच्या कमानीला नको, रस्त्याच्या पाटीला नको. नुकसानीच्या नोंदीप्रमाणे.

पाच. हे सरकारकडे मागायचं नाही, आपणच करायचं. नोंद. गावात एक वही. कोणत्या रात्री कुणाच्या वावरात काय आलं, किती खाल्लं, कुठे तार दिसली. तार दिसली तर दुसऱ्या सकाळी ग्रामसभेत तिचं नाव घ्यायचं. मालकाचंही. तो आपला काका असला तरी.

पाचवं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आज मी स्वतःच्या घरचं लिहिलं ते त्यासाठीच. काका आता नाहीत. चुलतभावाला फोन करून विचारलं, लिहू का. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिही. लोकायले तसंबी माहीतच हाय." माहीत सगळ्यांना असतं. कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून उद्या पुन्हा तार लागते.

त्याने दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर परवाची नोंद आहे: रोही सात, आमची तूर, दोन तास हाकलले, कुणी मेलं नाही. मला त्याने पानाचा फोटो पाठवला. त्या जुन्या कॅम्पच्या वहीशेजारी ठेवता येईल असं अक्षर नाही, पण ठेवता येईल अशी नोंद आहे.

परत आल्यावर बापाला फोनवर सगळं सांगितलं. वय सत्तरच्या पुढे, अजून मचाणावर जातो, ऐकत नाही. त्याने शिकारीबद्दल काही विचारलं नाही. त्याने विचारलं,

"तिथल्या हरणाचा मालक कोन?"

"सगळे. लोकंच."

"अन् आपल्या?"

"सरकार."

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मागे कुणीतरी डबा वाजवत होतं.

"मंग सरकारले म्हना, एक रात जागलीले ये. भाकर मी आनतो."